डीटरची जुनी स्प्रिंग

फोन आला तेव्हा मी म्युनिकमध्ये, परदेशी लोकांच्या कचेरीत, हातात टोकन घेऊन बसलो होतो. व्हिसाची मुदत वाढवायची होती, माझ्यापुढे अकरा माणसं होती आणि भिंतीवरचा आकडा काही केल्या हलत नव्हता. फोन सुजाताचा, माझ्या बायकोचा. "अशोकराव गेले," ती म्हणाली. "सकाळीच. ताईचा आत्ता फोन आला होता." मी काहीतरी विचारलं, तिने काहीतरी सांगितलं... आणि मग मी चक्क तिथंच बसून राहिलो. उठून घरी जायला हवं हे कळत होतं, पण पाय निघेनात. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती : डीटरला सांगायचं राहिलं. साडूंनी माझ्यावर एका वाक्याचं काम सोपवलं होतं आणि ते मी तीन आठवडे नुसतं पुढे ढकलत होतो.

अशोकराव म्हणजे अशोक मेश्राम, सुजाताच्या थोरल्या बहिणीचे, विशाखाताईंचे यजमान. मूळचे नागपूरकडचे. वडील तिकडच्या सरकारी शस्त्रकारखान्यात तपासनीस होते. मुलगा शिकून ब्राउनश्वाइगला डॉक्टरेट करायला आला आणि तिथंच मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटला. मोजमाप करणारी उपकरणं खरं मोजतात की नाही हे मोजायचं, असं त्यांचं काम. मी पुण्याहून म्युनिकला आलो ते युरोची नाणी नवी कोरी चमकत होती त्या वर्षी. आमच्या लग्नात त्यांना एकदाच पाहिलं होतं, आणि माझ्या लक्षात राहिलं होतं ते एवढंच की या माणसाने मांडवातला बंद पडलेला पंखा चालू होऊ दिला नाही. आचाऱ्याने दोन थापट्या मारून तो चालू केला, तर यांनी पुन्हा बंद केला. "थांबा ना जी, काहून बंद पडला होता ते तर पाहू द्या!" वऱ्हाडी घामाने निथळत होते. माझे सासरे दात-ओठ खात होते.

त्यांच्याकडे रायफल आहे हे मला पहिल्या नाताळच्या सुट्टीत, आम्ही ब्राउनश्वाइगला त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं. जेवताना त्यांनी विचारलं, "प्रशांतराव, शनिवारी रेंजवर येता का? एक पेशंट आलाय." मी आपला हो म्हणालो. मला वाटलं, दवाखान्याशी काही संबंध असेल. विशाखाताई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी बंदूक उचलायची. विचारा त्यांना, हे कसं बसतं." अशोकरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "कागदाला भोकं पाडतो मी. कागदाचा जीव नाही जात. आणि खरं सांगू का, भोकं पाडण्यातही मला फार रस नाही." हे अगदी खरं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना मन लावून नेम धरताना फारसं पाहिलंच नाही. त्यांचा जीव रमायचा तो बंदूक अडकली की.

आता ही अडकण्याची भानगड थोडी सांगायला हवी, मलाही ती तेव्हाच पहिल्यांदा समजली. या अर्धस्वयंचलित रायफली. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, आणि मग रायफल आपली आपण रिकामी पुंगळी बाहेर फेकून पुढचं काडतूस आत घेते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्यामुळे कुठं काय बिघडलं ते दिसतच नाही. दिसतो फक्त परिणाम : अर्धवट बाहेर आलेली पुंगळी मध्येच चिमटून बसते आणि सगळं थांबतं. फेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या मंडळात, दहाबारा जण असे होते की ज्यांना तयार रायफलीपेक्षा स्वतः जुळवलेली रायफल प्यारी. कुणी दस्ता बदललेला, कुणी दुर्बीण, कुणी चाप. नळीला मात्र कुणी हात लावायचा नाही, ते काम परवानाधारक ब्युक्सेनमाखरचं, बंदूक-कारागिराचं. जर्मनी म्हटल्यावर प्रत्येक गोष्टीला कागद. परवान्याआधी वर्षभराची हजेरी, परीक्षा, घरी कपाट कसलं हवं याचे नियम. अशोकरावांना या कागदांचा कधी कंटाळा आला नाही. आम्हाला एक आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करताना रडू कोसळायचं, आणि हा माणूस परवान्याची नियमावली चहा पिता पिता वाचायचा.

तर त्या शनिवारी मी तो पेशंट पाहिला. रेंजच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर हिरवं फेल्ट, आणि रिकामी आहे याची दोघांनी खात्री केलेली एक रायफल आडवी ठेवलेली. टेबलाची एक रीत होती, आणि ती अशोकरावांनीच पाडली होती असं मला नंतर कळलं. आधी मालकाने पाच मिनिटं तक्रार सांगायची, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग प्रत्येकाने आपापला संशय एका चिठ्ठीवर लिहून कॉफीच्या मोठ्या मगात टाकायचा. त्यानंतरच हत्यारं हातात घ्यायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली, की रेंजवर जाऊन पुन्हा झाडून पाहायची. फरक नाही पडला तर ती गोष्ट होती तशी परत लावायची आणि मगच दुसरी. ज्याची चिठ्ठी खरी ठरेल त्याला बाकीचे केक खिलवणार. चारचार शनिवार एकेका रायफलीवर जायचे. मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधतो, आणि खरं सांगायचं तर तीन गोष्टी एकदम बदलून, चाललं की हात झटकून घरी जातो. इथं सहा जर्मन म्हातारे आणि एक नागपूरकर एका स्क्रूबद्दल अर्धा तास बोलत होते, आणि मी... मी घड्याळ बघायचं विसरलो होतो.

डीटर त्याच टेबलावरचा. निवृत्त ट्रामचालक, अंगाने आडवा, बोलायला कमी. अशोकराव फेराइनमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा बाकीचे जरा जपूनच वागत होते. एक परदेशी माणूस बंदुकीत इतका रस घेतोय म्हटल्यावर ते साहजिकही होतं. डीटरने मात्र पहिल्याच दिवशी शेजारची खुर्ची ओढून दिली. पुढं दोघांची जोडीच जमली. रविवारी डीटर बायकोने केलेला बटाट्याचा सॅलड घेऊन यायचा, विशाखाताईंचं वरण वाटीने प्यायचा आणि "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, आणि "आल्झो", म्हणजे तर मग, या दोन शब्दांवर दुपार काढायचा. अशोकराव तेवढ्यावरही खूश असायचे.

डीटरची रायफल अडकायला लागली आणि दोघांचं बिनसलं. ती कधी अडकेल याचा भरवसा नसायचा. कधी शंभर गोळ्या सुरळीत, कधी तिसऱ्यालाच पुंगळी चिमटलेली. टेबलावर तिने दोन महिने मुक्काम ठोकला. मॅगझिन बदलून झालं, काडतुसांचे तीन प्रकार करून झाले, मगातल्या चिठ्ठ्या एकेक करून खोट्या ठरल्या. आणि एका शनिवारी अशोकरावांनी आतली परतीची स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेला भाग पुन्हा पुढे ढकलणारी, बदलली, आणि रायफल जी चालायला लागली ती थांबेचना. साठ गोळ्या, एकही अडकली नाही. डीटरने त्यांना मिठी मारली. हा माणूस बायकोलाही चारचौघांत मिठी मारत नसेल.

त्या संध्याकाळी मला फोन आला. आवाज असा की मला वाटलं, घरात काही झालं. "प्रशांतराव, मी दोन गोष्टी बदलल्या." काय बदललं? "स्प्रिंग टाकताना आत डीटरचं ग्रीस थापलेलं होतं. हाताला लागत होतं म्हणून मी ते पुसून काढलं, आणि माझं पातळ तेल लावलं. सवयीनं. लक्षातच नाही आलं, बाप्पा! घरी येताना सिग्नलला उभा होतो तेव्हा आठवलं." मी म्हणालो, मग काय झालं, चालते ना? "चालते. पण काहून चालते ते आता कुणालाच माहीत नाही. स्प्रिंगमुळे की तेलामुळे? माझंच टेबल, माझीच रीत... आणि मीच घाण केली." माणूस खून केल्यासारखा कबुली देत होता. मला हसू आवरेना. मी ते आवरलंही नाही.

त्यांनी डीटरला सगळं सांगितलं आणि विनंती केली की एकदा फक्त जुनी स्प्रिंग परत टाकू, एकच शनिवार. डीटर म्हणाला, "एस लॉइफ्ट." चालतीये. जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर होत्या, त्या झाल्यावर बघू. स्पर्धा झाल्या, डीटर तिसरा आला, आणि त्यानंतर तर तो रायफल टेबलाजवळही आणेना. अशोकराव दर शनिवारी विचारत राहिले. डीटर दर शनिवारी तेच दोन शब्द बोलत राहिला. मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्या खोलीत या विषयावर सरळ दोन तट होते, आणि अशोकरावांनी मोठ्या विश्वासाने मला पुढे केलं. "हे माझे साडू. सॉफ्टवेअरवाले आहेत, यांचा धंदाच हा. विचारा यांना." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की चालणाऱ्या प्रोग्रामला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. हशा पिकला. डीटरने मला बीअर पाजली. मला आपण फार हजरजबाबी आहोत असं वाटलं.

परतताना घर जवळ आल्यावर अशोकरावांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "तुम्ही त्याच्या बाजूनं बोललात त्याचं काही नाही. पण प्रशांतराव, तुम्हाला खरंच जाणून घ्यावंसं वाटलं नाही?" मी म्हणालो, नाही वाटलं. आणि ते खोटं होतं. पहिल्या दिवसापासून मला ते टेबल, त्या चिठ्ठ्या, तो मग याचं वेड लागलं होतं. चारचौघांत टाळी मिळवायला मी वेगळं बोललो, आणि नंतर कबूल करायची लाज वाटली. त्या दिवसानंतर डीटर आणि अशोकराव एका टेबलावर बसेनासे झाले. भांडण असं नाही. समोरासमोर आले की हात मिळवायचे, हवेबद्दल बोलायचे. रविवारचा सॅलड बंद झाला. असं जवळजवळ दोन वर्षं.

मग त्यांचा आजार. रक्ताचा काहीतरी, नाव मला अजूनही नीट उच्चारता येत नाही. गेल्या वसंतात तब्येत फार खालावली आणि डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलली. महिनाभरात अशोकराव उठून फिरायला लागले, बाजारातून स्वतः भाजी आणायला लागले. विशाखाताईंचा फोनवरचा आवाज बदलला. आम्ही सगळे त्या औषधांच्या प्रेमात पडलो. ऑक्टोबरमध्ये मात्र पुन्हा दवाखाना. मी भेटायला गेलो. ते उशीला टेकून बसले होते, हात काड्यांसारखे झालेले, डोळे मात्र तेच. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "तुम्हाला एक गंमत सांगू? वसंतात डॉक्टरीणबाईंनी दोन औषधं बदलली होती. दोन, एकदम." मी म्हणालो, मग तुम्ही त्यांना धारेवर धरलं असेल! ते हसले. "मी विचारलंच नाही, जी. एक बंद करून पाहू का, असं बाई म्हणाल्या असत्या तर? बरं वाटत होतं. मला फक्त बरं वाटत राहायला हवं होतं." खोकला आला, तो ओसरेपर्यंत मी पाण्याचा ग्लास धरून बसलो. "डीटरचं बरोबर होतं. त्याला सांगा. मी फोन केला तर तो घाबरून इथं येईल, मला असं पाहील, ते नको. तुम्ही शनिवारी रेंजवर जाऊन सांगा... मेश्राम म्हणाला, तुझं बरोबर होतं."

त्या शनिवारी मी गेलो नाही. सोमवारी ऑफिसात काहीतरी द्यायचं होतं, मी शुक्रवारीच परतलो. फोन करता आला असता. पण माझ्या जर्मनमध्ये फोनवर हे कसं सांगायचं, त्यापेक्षा पुढच्या खेपेला समोर बसून सांगू... तीन आठवडे मी स्वतःला हे सांगत होतो. अंत्यविधीला डीटर सर्वांत मागे उभा होता, काळ्या कोटात. त्रिशरण-पंचशील झालं तेव्हा त्याने टोपी हातात घेतली, शब्द कळत नसताना मान खाली घालून ऐकलं. नंतर माझा हात हातात घेतला आणि निघून गेला. निरोप मी तेव्हाही सांगितला नाही. मला माझा रागही आला आणि डीटरचाही आला. हा माणूस एक शनिवार देऊ शकत नव्हता का?

दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो ते विशाखाताईंना केलर, म्हणजे तळघर, आवरायला मदत करायला. रायफल त्यांनी आधीच नियमाप्रमाणे कारागिराच्या ताब्यात दिली होती, कागदांसकट. उरल्या होत्या त्या डब्या. मिठाईच्या, बामच्या, फिल्मच्या रोलच्या, आणि प्रत्येकीवर मराठीत चिकटवलेली पट्टी. "स्क्रू, लांबी संशयास्पद." "हा कुठला ते विसरलो, पण टाकू नये." विशाखाताई एकेक वाचून हसत होत्या, डोळे पुसत होत्या. एका डबीत एक स्प्रिंग होती, कापसात ठेवलेली. वर लिहिलं होतं : "डीटर, जुनी. गुन्हा सिद्ध झालेला नाही." विशाखाताईंनी ती माझ्या हातात ठेवली. "ही तुम्ही न्या. आज शनिवारच आहे."

नोव्हेंबरची बोचरी सकाळ होती. डीटर मागच्या खोलीत एकटाच रायफल पुसत बसला होता. मी आधी निरोप सांगितला, दवाखान्यापासून, औषधांसकट सगळा, आणि इतका उशीर का झाला तेही. माझं व्याकरण ढासळत होतं, पण त्याने मध्ये तोंड घातलं नाही. मग मी डबी पुढे केली. पट्टीवर काय लिहिलंय ते त्याने विचारलं, मी अर्थ सांगितला. त्याने डबी उघडून कापसातली स्प्रिंग बाहेर काढली. "त्याला वाटलं मी बरोबर होतो," तो म्हणाला. "मी बरोबर नव्हतो. मला माहीत होतं ते ग्रीसच असणार. माझ्या वडिलांच्या सायकल-दुकानातला डबा आहे तो. सगळ्यांना सांगत फिरायचो, जगात असं ग्रीस नाही. मला ते ऐकायचं नव्हतं, बस." मला या माणसाचा आलेला राग तिथंच निवला. टाळी जाईल म्हणून खोटं बोलणारा मीही त्याच खोलीत उभा होतो.

मग त्याने बाकीच्यांना हाक मारली आणि काम सुरू केलं. रीतसर. जुनी स्प्रिंग आत, पातळ तेल तसंच. आम्ही कानांवर संरक्षण चढवून मागे उभे राहिलो. वीस गोळ्या. एकही अडकली नाही. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागला, तर डीटरने हाताने थांबवलं. "हे अर्धंच झालं." त्याने जुनी स्प्रिंग काढली, नवी परत टाकली, आणि खणातून वडिलांचा तो डबा काढून आपलं लाडकं ग्रीस स्वतःच्या बोटाने आत थापलं. आपली चालणारी रायफल बिघडावी म्हणून एवढं मन लावून काम करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सहाव्या गोळीला पुंगळी चिमटली. डीटरने नियमाप्रमाणे हात वर केला, रायफल सुरक्षित केली, आणि मागे वळला तेव्हा त्याचं तोंड लहान पोरासारखं फुललं होतं. "अडकली!" तो ओरडला. सगळे ओरडले. मीही ओरडलो, मराठीत.

आत येऊन कॉफी ओतली गेली. थंडीत ग्रीस घट्ट होतं, त्यामुळे सगळं मंदावतं, साधी गोष्ट, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. डीटर आपली रेंजची वही काढून मागची पानं चाळत होता, आजची नोंद करायला जुनी नोंद शोधत असावा. मध्येच त्याचा हात थांबला. "पहिल्यांदा अडकली तो दिवस इथं लिहिलाय," तो म्हणाला. "जुलै. आम्ही बाहेर हाफशर्टात बसलो होतो. त्या उन्हात ग्रीस घट्ट कसं होईल?"

हातातले कप खाली आले. आणि तिथले सहाच्या सहा जण, मी धरून, कुणी न सांगता खिडकीजवळच्या त्या एका खुर्चीकडे बघायला लागलो, जिथून आता "थांबा, थांबा" असा आवाज यायला हवा होता. खुर्चीवर कुणाचा तरी कोट टाकलेला होता. अंत्यविधीत मला रडू आलं नव्हतं, केलरमध्ये आलं नव्हतं. तिथं आलं. अशोकराव गेले हे मला त्या कचेरीत फोनवर सांगितलं गेलं होतं, पण ते गेले, आता विचारायला कुणी नाही, हे मला त्या टेबलावर कळलं. डीटरने उठून तो कोट खुंटीवर टांगला, मोठा मग टेबलाच्या मधोमध ठेवला आणि वहीतला एक कोरा कागद फाडून त्याच्या चिठ्ठ्या केल्या. एक माझ्यापुढे सरकवली. माझी परतीची गाडी दीड तासाने होती, म्युनिक पाच तास लांब, आणि मला ग्रीसमधलं ओ की ठो कळत नाही. मी पेन्सिल घेतली आणि माझा संशय लिहिला.